वॉकर बूट आणि तीन पाचरी : टाचेमागची दोरी तुटल्यावरचे आठ आठवडे

टाचेमागची दोरी, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटली म्हणून वॉकर बूट घ्याल तर टाचेखाली घालायच्या पाचरींसकट घ्या. दुकानदार म्हणाला, "पाचरींची गरज नसते, सगळे असाच नेतात," तर तिथून उठा आणि दुसरं दुकान बघा. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण पाय दुखत असताना लांब हकीकत वाचायला कुणाला धीर नसतो.

मी पुण्यात सहकारनगरात घरीच शिवणकाम करते, २१ वर्षं झाली. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, जूनमध्ये शाळेचे गणवेश. गेल्या डिसेंबरात लेकीच्या शाळेत क्रीडामहोत्सव होता. शेवटी आयांची शर्यत. शिट्टी वाजली आणि तिसऱ्याच पावलाला मागून कुणीतरी माझ्या उजव्या टाचेवर लाथ घातली असं वाटलं. मी चिडून मागे वळले, तर मागे कुणीच नव्हतं. आवाजही आला होता. परकराची जुनी जाड नाडी जोरात ओढली की तुटताना येतो, तसा. शेजारच्या बाईलाही तो ऐकू गेला.

पहिली कळ ओसरल्यावर फारसं दुखेना. यामुळेच पुढचे नऊ दिवस वाया गेले. ज्या दवाखान्यात गेले तिथे एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, घोटा मुरगळलाय म्हणाले, क्रेप बँडेज बांधून पाच दिवस शेक घ्यायला सांगितलं. पाय खाली दाबता येतोय का विचारलं, मी दाबून दाखवला. दोरी तुटली असेल अशी शंका कुणाला आली नाही. पुढे कळलं की ही दोरी एक्स-रेत दिसत नाही, आणि ती तुटली तरी घोट्यामागून जाणाऱ्या दुसऱ्या दोऱ्यांच्या जोरावर पाऊल थोडं खाली दाबता येतं. तुटलेल्या पायावर चवड्यांवर उभं राहणं मात्र जमत नाही. मला ते जमत नव्हतं, पण तसं करून बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

दहाव्या दिवशी नणंदेने ओळखीच्या ऑर्थो डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली आणि आधी डावी पोटरी मुठीत धरून दाबली. डावं पाऊल हललं. मग उजवी दाबली. उजवं पाऊल जागचं हललं नाही. पुन्हा दाबली, तरी नाही. एवढ्याला दहा सेकंद लागली असतील. या चाचणीला थॉम्पसन टेस्ट म्हणतात. मागून लाथ बसल्यासारखं वाटलं असेल आणि आता चवड्यांवर उभं राहता येत नसेल, तर "डॉक्टर, पोटरी दाबून बघता का?" असं स्वतः विचारा. विचारण्यात कसली लाज नाही. मग त्यांनी माझंच बोट धरून टाचेच्या वर तीन बोटांवर ठेवलं. तिथे खळगा होता. शरीरातली सगळ्यात जाड दोरी ही, अकिलिस टेंडन, आणि बहुतेक वेळा ती तिथेच तुटते, कारण त्या जागी रक्तपुरवठा कमी असतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, ती मुद्दाम लिहिते. "गेल्या महिना-दोन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती का?" लघवीच्या जळजळीवर नोव्हेंबरात सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स झाला होता. त्या जातीच्या गोळ्यांनी टेंडन तुटायचा धोका वाढतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझी दोरी त्यानेच तुटली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण गोळीचं नाव फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलं आणि यापुढे कुठल्याही दवाखान्यात हे सांगत जा म्हणाले.

ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. सोनोग्राफीत पाऊल खाली वळवल्यावर तुटलेली दोन्ही टोकं एकमेकांना भिडत होती, म्हणून न कापताही जुळेल असं डॉक्टरांचं मत. माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिने २०२२ सालचा नॉर्वेचा अभ्यास उघडून मला समजावला. ५२६ रुग्ण, काहींचं ऑपरेशन केलेलं, काहींचं नाही, आणि वर्षानंतर पायाच्या ताकदीचा आणि वापराचा हिशेब दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. ऑपरेशनशिवाय पुन्हा तुटणारे शंभरात साधारण ६, ऑपरेशनवाल्यांत शंभरात एकही पुरता नाही. उलट नसेला इजा होण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत जास्त. मला जखम आणि टाके नको होते, मी बिनऑपरेशनचा रस्ता धरला. माझा निर्णय माझ्यापुरता. जो रोज खेळतो किंवा ज्याची टोकं भिडत नाहीत, त्याचं उत्तर वेगळं असू शकतं.

दोन आठवडे प्लास्टर, बोटं खाली वळवलेल्या अवस्थेत, आणि कुबड्या. मग संक्रांतीनंतर दोन दिवसांनी बूट.

पाचरी का लागतात, ते मला माझ्या धंद्यामुळे पटकन समजलं. इलॅस्टिक तुटलं आणि आपण दोन टोकं जोडताना मध्ये ढील ठेवली, तर जोड पक्का बसतो, पण कंबर सैल पडते. पुन्हा उसवल्याशिवाय ते घट्ट होत नाही. दोरीचं तसंच आहे. पाऊल सपाट ठेवून ती जुळली तर लांब जुळते, आणि लांब जुळलेल्या दोरीला पोटरीने कितीही ओढलं तरी टाच नीट उचलली जात नाही. म्हणून टाचेखाली पाचरी घालून टाच उंच ठेवायची, टोकं भिडलेलीच राहू द्यायची, आणि जुळत जाईल तशी एकेक पाचर काढायची. बूट हाच उपचार आहे. तो नुसता आधार समजून घेतला, तर चुकीचा घेतला जातो.

मीही पहिल्यांदा चुकीचाच घेतला. घराजवळच्या सर्जिकलच्या दुकानात त्यांनी घोट्याच्या जरा वर येणारा बुटका बूट काढला. आत तळ सपाट. मी पाचरींचं विचारलं तर म्हणाले, "ताई, ते फॉरेनला वापरतात." १,९०० रुपये दिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो पायावर बघितला आणि लगेच काढायला लावला. दुकानाने परत घेतला नाही, वापरलेला माल परत होत नाही म्हणाले. दोष माझाही आहे, मी डॉक्टरांकडून लिहून नेलं नव्हतं. तुम्ही चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या : गुडघ्याखालपर्यंत येणारा उंच बूट, टाचेच्या पाचरी किती, आणि मापाचा साइज.

दुसरं दुकान टिळक रस्त्याच्या बाजूला. तिथल्या काकांनी आधी खुर्चीवर बसवलं, चिठ्ठी वाचली, टेपने पाऊल मोजलं आणि मग बूट काढला. हवा भरायचा फुगा असलेला उंच वॉकर, मीडियम, ३,६०० रुपये. तीन पाचरींचे वेगळे ६५०. पाचरी दुकानात नव्हत्या, तर त्यांनी फोन करून दुसऱ्या दिवशी मागवून दिल्या आणि तोवर बूट नेऊ दिला नाही. "पाचरीशिवाय हा घालून चाललात तर तुमचंच नुकसान," असं म्हणाले. मला ते फार आवडलं. गिऱ्हाईक हातातून जाईल म्हणून घाई केली नाही त्यांनी.

आता बूट कसा आहे ते. दोन्ही बाजूंना कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्या, खाली जाड वाकडा तळ, आत फोमचं अस्तर, आणि पाच पट्टे. सांगाडा उत्तम. आठ आठवड्यांत कुठे तडा नाही, कुरकुर नाही. तळाला जो बाक आहे त्यामुळे घोटा न वाकवता पाऊल पुढे घरंगळतं, आणि सवय झाली की चाल बरीच सुधारते. फुग्याने हवा भरली की अस्तर पोटरीला सगळीकडून सारखं धरतं. पण हवा मोजून भरा. पहिल्या आठवड्यात मी जास्त भरली आणि बोटांना मुंग्या आल्या. संध्याकाळी पाय सुजतो, तेव्हा दोन फुसके सोडायचे, सकाळी पुन्हा भरायचे.

शिवण मात्र मला पटली नाही. घोट्यावरचा पट्टा सगळ्यात जास्त ताण घेतो, आणि नेमका त्यालाच एकेरी टीप, शेवटाला उलटी टीपसुद्धा नाही. माझ्याकडे कुणी शाळेचं दप्तर असं शिवून आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. पाचव्या आठवड्यात तो पट्टा कोपऱ्यातून सुटायला लागला. मी १८ नंबरची सुई लावली, जाड दोरा घेतला, आणि दप्तराच्या बंदाला मारतो तशी चौकोन टाकून आत फुली मारली. पुढे बूट निघेपर्यंत हलला नाही. तुम्हाला मशीन नसेल तर कुठल्याही बॅग दुरुस्तीवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे, पण बूट घेतल्या घेतल्याच करून घ्या. पट्टा भर रस्त्यात सुटला तर पाय अचानक सपाट पडेल.

वेल्क्रोचं आणखी एक. त्याच्या आकड्यांत दोरे आणि केस अडकतात आणि पकड जाते. माझ्या घरात तर जमिनीवर कायम दोऱ्यांचा कचरा. दर रविवारी जुन्या टूथब्रशने आणि सुईच्या टोकाने मी ते आकडे साफ करायची. एकदा भिंगातून बघितलं, तर एका पट्ट्यात गुलाबी, हिरवे, सोनेरी दोरे गुंतलेले दिसले, त्या आठवड्यातल्या सगळ्या ब्लाउजांचे.

अस्तर गरम होतं. जानेवारीत चालून गेलं, पण मार्च उजाडला आणि पुण्याचं ऊन सुरू झालं तेव्हा पोटरीवर घामोळं आलं. मी पातळ होझिअरीच्या कापडाची दोन कव्हरं शिवली, मोज्यासारखी, गुडघ्यापासून बोटांपर्यंत, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली. आतल्या शिवणीचा वळ टाचेवर उमटतो, आणि टाचेची कातडी दाबली गेली तर जखम भरायला वेळ लागतो. एक कव्हर पायावर, एक वाळत घातलेलं. हे कंपनीने बुटाबरोबरच द्यायला हवं.

बुटाने उजवा पाय उंच होतो. पाचरी धरून तर चांगलाच. दुसऱ्या पायात साधी स्लीपर घातली की कंबर वाकडी राहते, आणि चौथ्या दिवशी माझी कंबरच धरली. बुटाइतक्या उंचीचा दुसरा जोड शोधत बसण्यापेक्षा मी जुना डावा स्पोर्ट शूज मंडईजवळ चपला दुरुस्त करतात त्यांच्याकडे पाठवला. त्यांनी खाली रबराचा जाड तळ चिकटवून दिला, १२० रुपयांत. कंबर आठवडाभरात सुधारली. सगळ्या खर्चात हे १२० रुपये मला सगळ्यात जास्त सत्कारणी लागले असं वाटतं.

पहिले सहा आठवडे बूट रात्रीही घालायचा होता. झोपेत पाय सरळ ताणला जाऊ नये म्हणून. तळाने चादरी खराब होतात, त्यावर मी जुना उशीचा अभ्रा चढवायची. आंघोळीला बूट काढायचा तो स्टुलावर बसूनच, बोटं खाली वळवून, आणि ओल्या फरशीवर बिनबुटाचं एकही पाऊल टाकायचं नाही. आमच्या न्हाणीघरात शहाबादी फरशी आहे. ह्यांनी स्टुलापासून दारापर्यंत रबराची चटई घातली आणि बूट दाराच्या आत हाताशी येईल असा ठेवायला सुरुवात केली. या पायाची सगळी भीती घसरण्याची असते.

पाचरी मी मार्करने १, २, ३ अशा क्रमांकाच्या करून ठेवल्या होत्या. दर दोन आठवड्यांनी एक कमी. करड्या रंगाच्या, फोमच्या, साबणाच्या वडीएवढ्या, एकमेकांना वेल्क्रोने चिकटणाऱ्या. पहिली काढली त्या दिवशी टाचेमागे असं ओढल्यासारखं झालं की मी घाबरून फिजिओ ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दोन दिवस घट्ट वाटेल, ते चालेल. कळ आली किंवा सूज वाढली तर पाचर परत घाला आणि मला दाखवा." दोन दिवसांत घट्टपणा गेला. प्रत्येक पाचरीला हेच झालं. शेवटचे दोन आठवडे पाचर नाही, नुसता बूट.

चुकीच्या सल्ल्यांचा भडिमार तुमच्यावरही होईल. सगळ्यात जास्त ऐकलेला म्हणजे तेल लावून चोळा आणि पाय ताणा. बूट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई वाटीत कोमट तेल घेऊन आल्या होत्या. "अगं, शीर आखडलीय, चोळल्याशिवाय मोकळी कशी होईल?" मी त्यांना इलॅस्टिकचं उदाहरण दाखवलं, खरंच एक तुकडा कापून, ढिला जोडून. त्यांनी तो हातात धरून दोनदा ओढून बघितला आणि तेलाची वाटी परत नेली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याच माझी पोटरी हलक्या हाताने तपासायच्या, गरम आहे का, एकाच बाजूला सुजलीय का, दुखतेय का. पाय असा बांधून ठेवला की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती छातीत गेली तर जिवावर बेतू शकतं. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच दवाखाना गाठा.

कामाचं म्हणाल तर चौथ्या आठवड्यापासून मी मशीनवर बसले. मोटरचं पॅडल डाव्या पायाखाली सरकवलं. आठवडाभर टीप सरळ येईना, पॅडलवर पाय जड पडायचा आणि मशीन सुसाट सुटायचं. लग्नसराईच्या निम्म्या ऑर्डरी मी परत केल्या. ते पैसे गेले.

बूट निघाला मार्चच्या मध्यात. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. पण घाबरायलाच झालं. पोटरी हातात धरली तर पिठाच्या गोळ्यासारखी मऊ. माझाच टेप घेतला, दोन्ही पायांवर गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर पेनाने खूण केली आणि मापं घेतली. डावी १४ इंच, उजवी पावणेतेरा. सव्वा इंच. ब्लाउजच्या बाहीत सव्वा इंचाचा फरक पडला तर ती बाही अंगात जात नाही, एवढं ते मोठं माप आहे. फिजिओ ताईंनी ते वहीत लिहिलं आणि सांगितलं की बूट निघाल्यानंतरचा महिना सगळ्यात जपायचा. दुखणं गेलेलं असतं, माणूस विसरतो, जिन्याच्या पायरीवर पाय चुकतो आणि दोरी पुन्हा तुटते. त्या महिन्यात मी साध्या बुटात टाचेखाली छोटी गादी घातली, जिना कठडा धरून, आणि रिक्षाशिवाय कुठे नाही. स्कूटर तर जूनपर्यंत पार्किंगमध्येच.

व्यायाम ओट्यापाशी. दूध तापेपर्यंत दोन्ही टाचा वर, खाली, सावकाश. खाली येताना तीन आकडे मोजायचे. आधी दोन्ही पायांवर, मग दोन्हीवर वर जाऊन उजव्यावर खाली. एका बैठकीचे ५०० रुपये घेणाऱ्या फिजिओ ताईंकडे मी एकूण चौदा वेळा गेले, बाकी सगळं ओट्याने केलं. यात खंड पडू देऊ नका. बूट दोरी जुळवतो, पोटरी परत आणायचं काम त्याच्याने होत नाही.

दरवर्षी मी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालते, दिवे घाट चढून. यंदा जमणार नव्हतं. त्या दिवसाचं फार वाईट वाटत होतं. म्हणून पालखी पुण्यात मुक्कामाला होती तेव्हा हातमशीन घेऊन भवानी पेठेत बसले आणि वारकऱ्यांच्या पिशव्यांचे तुटलेले बंद शिवून दिले. सगळ्यांना चौकोनात फुली. एका म्हाताऱ्या आजींनी माझा पाय बघून विचारलं, "काय गं बाय, पडलीस का?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या साली ये, मी पण येणार हाय."

ऑगस्टमध्ये एका सकाळी, दूध ओट्यावर, उजव्या एकट्या पायावर टाच उचलली गेली. एकदाच, आणि पूर्ण नाही. पण उचलली. लेक शाळेच्या गडबडीत होती, तिला थांबवून पुन्हा करून दाखवली. सप्टेंबरात पर्वती चढले, १०३ पायऱ्या. चढण सोपी गेली, उतरताना दर पायरीला पोटरी थरथरत होती आणि मी भिंतीच्या बाजूने उतरले. आता साडेनऊ महिने झालेत. उजवी पोटरी साडेतेरा. अर्धा इंच अजून बाकी आहे.

बुटाला पाचपैकी चार देते. एक गुण कापला तो घोट्याच्या पट्ट्याच्या शिवणीचा आणि पाचरी वेगळ्या विकण्याचा. दुसऱ्या दुकानातल्या काकांना पुरते पाच.

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या भावाची बॅडमिंटन खेळताना हीच दोरी तुटली. मी बुटाचं अस्तर काढून धुतलं, आतला फोम दोन दिवस उन्हात ठेवला, पट्टे तपासले आणि बूट त्यांच्याकडे पाठवला, पाचरी क्रमांकासकट पिशवीत घालून. त्यांचं पाऊल मोठं आहे, पण बूट बसला. कव्हर मात्र नवीन शिवावं लागलं, त्यांच्या पोटरीचा घेर साडेपंधरा निघाला.